दाराशी येणारा कुत्रा

नमस्कार श्रोतेहो. पोलीस छापा घालायला जातात आणि घरातल्या पाळीव कुत्र्याला गोळी घालतात, यावर आज बोलायचं आहे. अमेरिकेत हा प्रश्न इतका जुना झालाय की तिथल्या न्याय खात्याने 2011 साली पोलिसांसाठी कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. पण आधी बर्विन हाइट्सची हकिगत ऐका.

बर्विन हाइट्स हे मेरीलँड राज्यातलं, वॉशिंग्टनच्या जवळचं तीनेक हजार वस्तीचं गाव. काल्वो तेव्हा तिथले नगराध्यक्ष होते. त्यांच्याकडे दोन काळे लॅब्राडोर होते, पेटन आणि चेस. 29 जुलै 2008 ची संध्याकाळ. काल्वो दोघांना फिरवून परत आले, तर दाराबाहेर बायकोच्या नावाचं पार्सल पडलेलं. उचलून त्यांनी ते आत टेबलावर ठेवलं आणि बैठकीला जायचं म्हणून कपडे बदलायला वर गेले. सासूबाई स्वयंपाक करत होत्या. खिडकीतून त्यांना बंदुका घेतलेली माणसं दिसली आणि त्या किंचाळल्या. पाठोपाठ दार फोडलं गेलं. पेटनला गोळ्या घातल्या, मग चेसला. कुत्रे अंगावर आले, असं पोलीस म्हणाले. चेस तर पळत होता, जीव वाचवायला पळत होता, असं घरचे सांगतात. काल्वो अंतर्वस्त्रांवरच खाली आले. त्यांचे हात बांधले, सासूबाईंचेही बांधले.

पार्सलात 32 पौंड गांजा होता, म्हणजे साडेचौदा किलो. घरच्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. अनोळखी माणसाच्या पत्त्यावर माल पाठवायचा आणि वाटेतच आपल्या माणसाने उचलायचा, ही गांजा पाठवणाऱ्या टोळीची रीत. पार्सल पोलिसांच्या हाती आधीच लागलं होतं. साध्या वेशातल्या पोलिसानेच ते दाराशी आणून टाकलं होतं. आणि छापा घातला जिल्ह्याच्या पोलिसांनी. गावच्या पोलिसांना सांगितलंसुद्धा नाही! एक शब्द विचारला असता तर कळलं असतं की हे नगराध्यक्षांचं घर आहे.

चौकीतल्या जुन्या हवालदाराला गल्लीतली घरं, माणसं, कुत्री, सगळं तोंडपाठ असतं. आपल्याकडेही पायी गस्त कमी होत चाललीय आणि नाक्यानाक्यावर कॅमेरे लागतायत. मला हे अजिबात पटत नाही. कॅमेऱ्याला कोणाच्या घरचा कुत्रा कसा आहे, ते कळत नाही. असो.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हे सांगायला नको: बेल वाजली की कुत्रा दाराशी येणार, भुंकणार. तो येणारच. मग जाण्याआधी त्याचा विचार करायला नको? अमेरिकेतले पोस्टमन रोज अनोळखी कुत्र्यांसमोर उभे राहतात, आणि त्यांच्याजवळ बंदूक नसते, असतो कुत्र्याला हटवायचा फवारा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एका छाप्यात कुत्रे आहेत हे पोलिसांना आठवडाभर आधी माहीत होतं, तरी गोळीशिवाय दुसरी तयारी नव्हती. 2005 साली संघीय अपील न्यायालयाने पोलिसांना फटकारलं: कुत्रा मारणं म्हणजे माणसाच्या मालमत्तेवर घाला, आणि तो अवाजवी होता. पुन्हा सांगतो, आठवडाभर आधी माहीत होतं.

2013 साली कोलोरॅडोने कायदाच केला: कुत्र्याची देहबोली कशी ओळखायची आणि गोळी न घालता त्याला कसं आवरायचं, याचं प्रशिक्षण पोलिसांना द्यायचं. फार चांगलं केलं.

काल्वो गप्प बसले नाहीत. ते कोर्टात गेले, 2011 साली तडजोड झाली. त्याआधीच, 2009 मध्ये, मेरीलँडने कायदा केला होता: सशस्त्र पथकाच्या प्रत्येक छाप्याचा हिशेब द्यायचा, त्यात पाळीव जनावर मारलं का, हेही लिहायचं. तो कायदा 2014 साली मुदत संपून गेला. तो परत आणावा, आणि इतर राज्यांनीही उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नमस्कार.