आधी कर्म शोधा

नमस्कार श्रोतेहो. इंग्रजी शिकताना 'गो, वेन्ट, गॉन' यांसारखी रूपं फारशी त्रास देत नाहीत. एकदा घोकली की डोक्यात बसतात. खरा घोळ होतो तो सारख्या वाटणाऱ्या जोड्यांमध्ये, आणि त्यांतली सगळ्यात अवघड जोडी म्हणजे 'लाय' आणि 'ले'.

'लाय' म्हणजे आडवं होणं, पडून असणं. 'ले' म्हणजे एखादी वस्तू ठेवणं. इथवर सोपं आहे. पण 'लाय'ची तीन रूपं ऐका: लाय, ले, लेन. म्हणजे 'लाय'चा भूतकाळ हुबेहूब दुसऱ्या क्रियापदासारखा! त्या दुसऱ्याची रूपं मात्र ले, लेड, लेड. म्हणून 'काल दुपारी मी जरा आडवा झालो' हे 'आय ले डाउन' असंच म्हणायचं. 'आय लेड डाउन' हे व्याकरणाच्या पुस्तकात चूक ठरतं. पुस्तक मी टेबलावर ठेवलं, तर 'आय लेड द बुक ऑन द टेबल'. ते तिथे नुसतं पडलेलं असेल, तर 'द बुक इज लाइंग देअर'. आणि कोंबडी अंडी घालत असेल तर 'लेइंग', कारण अंडी हे कर्म वाक्यात आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे सर्रास गोंधळतात, तेव्हा आपण बिचकायचं कारण नाही. शिवाय खोटं बोलणं या अर्थाचा 'लाय' आहेच. त्याचा भूतकाळ 'लाइड'.

मला वाटतं, ही जोडी मराठी माणसाला सोपी जायला हवी, कारण हा भेद आपण रोज बोलताना पाळतो. झाड पडलं, झाड पाडलं. यात कोणी गल्लत करतं का? इंग्रजीतही तेच: 'द ट्री फेल', पण 'दे फेल्ड द ट्री'. पतति आणि पातयति हा संस्कृतातला फरकही याच जातीचा. जुन्या इंग्रजीच्याही आधी, तिच्या पूर्वज भाषेत, क्रियापदाला 'य'सारखा प्रत्यय लावून 'करवणे' असा अर्थ आणत. त्या प्रत्ययामुळे आधीचा स्वर बदलला, पुढे प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा राहिला. 'सिट' आणि 'सेट' ही जोडी अशीच तयार झाली. 'ड्रिंक' म्हणजे पिणं आणि 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणं, ही जोडीसुद्धा.

म्हणून क्रियापद निवडण्याआधी वाक्यात कर्म आहे का ते बघा. 'प्रायसेस रोझ' म्हणजे भाव वाढले. 'दे रेझ्ड द प्रायसेस' म्हणजे त्यांनी भाव वाढवले. पहिल्या वाक्यात भाव कोणी वाढवले याचा पत्ताच नाही! बातमी ऐकताना हा फरक कानावर यायलाच हवा. या नियमाला अपवादही आहेत: सूर्य मावळतो तेव्हा 'द सन सेट्स' म्हणतात आणि तिथे कर्म नसतं. ते तसंच लक्षात ठेवावं लागतं.

सारख्या वाटणाऱ्या आणखी दोन जोड्या ऐका, पण त्या कर्मावरून नाही, अर्थावरून ओळखायच्या. 'फाउंड' म्हणजे सापडलं, पण संस्था स्थापन केली तर 'फाउंडेड'. चित्र भिंतीवर टांगलं तर 'हंग', आणि माणसाला फाशी दिली तर रूढ रूप 'हँग्ड'.

आता विशेषणासारख्या वापरल्या जाणाऱ्या धातुसाधितांकडे येऊ. 'आय अ‍ॅम बोअरिंग' असं वाक्य वरचेवर ऐकू येतं. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं 'मला कंटाळा आलाय', पण वाक्याचा अर्थ होतो 'मी कंटाळवाणा माणूस आहे'. तिथे 'बोअर्ड' हवं. यालाही मराठीचाच आधार घ्या: थकवणारा प्रवास म्हणजे 'टायरिंग', थकलेला प्रवासी म्हणजे 'टायर्ड'. णारा आला की 'इंग', लेला आला की बहुतेक वेळा 'एड'.

कधी कधी दोन्ही रूपं बरोबर असतात आणि अर्थ मात्र बदलतो. 'अ कन्फ्यूझिंग आन्सर' म्हणजे ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारं उत्तर. ते कदाचित अचूकही असेल. 'अ कन्फ्यूझ्ड आन्सर' म्हणजे जे उत्तर मुळातच गोंधळलेलं आहे ते. कोणाच्या उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिताना यांतलं कोणतं रूप लिहायचं, हे नीट ठरवून लिहा. नमस्कार.