पंचमीचा झोका आणि आमची बाग

नमस्कार श्रोतेहो. नागपंचमी तोंडावर आली आहे, म्हणून आज वसाहतीतल्या बागेबद्दल बोलते. छत्रपती संभाजीनगरच्या कडेला आमची वसाहत आहे. तिथल्या बागेची मध्यंतरी सुधारणा झाली. मोठी कमान आली, व्यायामाची यंत्रं आली, पेव्हर ब्लॉक आले आणि मधोमध कारंजं आलं. ते आठ दिवस चाललं. जवळजवळ अख्ख्या शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर आणि नळाची वाट बघण्यात आपले दिवस जाणार. कारंज्याला पाणी कुठून आणायचं? याच शहरात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालच्या नहरीतून पाणी खेळवलं, पण त्यानं आधी झरे शोधले होते. आधी पाणी बघावं, मग कारंजं.

तर गेल्या पंचमीची गोष्ट. दुपारी मी बागेत लिंबाखाली बसले होते. पंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, त्यामुळे पुरणाचे दिंड उकडून झाले की बायका मोकळ्या. (लाह्या मात्र भट्टीवरूनच आणाव्यात. पाकिटातल्या लाह्यांना ज्वारीचा वास नसतो, हे माझं ठाम मत आहे.) तेवढ्यात एक मावशी आल्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, परभणीकडच्या एका खेड्यातून लेकाकडे राहायला आलेल्या. सोबत माहेरी आलेल्या दोन लेकी. मावशींनी झोक्याच्या साखळीला हात लावला आणि मला विचारलं, "माय, ह्यावर आम्ही बसलो तर कोणी रागवतेत का?"

झोक्याशेजारी पाटी होती : बारा वर्षांवरील व्यक्तींनी बसू नये. मावशींना वाचता येत नव्हतं. मला ती पाटी त्यांना वाचून दाखवायला जीव झाला नाही. "बसा मावशी," म्हटलं. त्या बसल्या. लोखंडी पाळणा एवढासा, गुडघे छातीशी आले, पाय खालच्या ब्लॉकवर घासले. वरची कडी करकरली. एक हेलकावा घेतला आणि उतरल्या. म्हणाल्या, "ह्याला झोका म्हणतेत का गं?"

मग त्या बोलायला लागल्या. गावी ओढ्याकाठी लिंब होता. विहिरीतून पाणी उपसायच्या मोटा बंद पडल्या तरी मोटेचा नाडा, म्हणजे तिचा जाड दोर, त्यांच्या सासऱ्यांनी पंचमीसाठी जपला होता. फळीवर दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, आळीपाळीनं चवड्यांवर जोर द्यायचा, आणि शेंड्याचा पाला जी तोडून आणेल तिचा मान. सांगता सांगता थांबल्या आणि थोरल्या लेकीला म्हणाल्या, "जा, नाडा घेऊन ये." गावाकडून सामान आलं तेव्हा पलंगाला बांधून तो इथवर आला होता!

नाडा आला. वसाहतीतला एक पोरगा लिंबावर चढला. पाठोपाठ बागेचे राखणदार काका आले. मला वाटलं, आता बंद करायला लावणार. त्यांनी फांदीकडे बघितलं, नाड्याला लोंबकळून गाठ तपासली आणि म्हणाले, "गाठ सरकतीय. फांदीला आधी पोतं गुंडाळा, साल सोलून निघंल." पोतं गुंडाळलं. दिवेलागणीपर्यंत तीसेक बायका जमल्या. बँकेत नोकरी करणारी, धुणीभांडी करणारी, काल लग्न होऊन आलेली, सगळ्या ओळीत उभ्या. मावशी फळीवर उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या. लेकीनं झोका दिला. परत आल्या तेव्हा मुठीत लिंबाचा पाला होता.

श्रोतेहो, तीसेक बायका. एरवी त्या बागेत लेकरांच्या चपला सांभाळत बसतात. त्यांच्यासाठी त्या बागेत काय आहे? मोठ्यांसाठी एक झोका हवा, भक्कम खांबांचा, रुंद फळीचा. त्याच्याखाली ब्लॉक नकोत, हातभर वाळू हवी, म्हणजे पडलं तरी हाड मोडायची भीती कमी. कड्यांना पावसाळ्याआधी ग्रीस हवं. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, कुलूप नसलेलं.

आणि तो लिंब. त्याच्या बुंध्याला खेटून ब्लॉक बसवलेत. पाणी मुळाशी जाणार कसं? बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवा. हिरवळीला रोज पाणी लागतं. लिंब, करंज, बकुळ एकदा धरले की आपल्या उन्हाळ्यातही तग धरतात आणि सावली देतात. बागेला आधी सावली हवी, मोकळी माती हवी, झोका हवा. पुन्हा सांगते : सावली, माती, झोका.

आम्ही तसा अर्ज दिला आहे. पहिली सही राखणदार काकांची आहे, दुसरा अंगठा मावशींचा. परवा त्यांच्या घरी गेले होते. नाडा गच्चीवर उन्हात घातला होता आणि मावशी पीळ न् पीळ बोटांनी चाचपत होत्या.