मँगो म्हणजे कैरी

मंडळी, नमस्कार. माझ्यानंतर आमरसपुरी आहे, रस डब्यातला का होईना, तेव्हा फार वेळ घेत नाही.

मी देवगडचा. आमच्याकडे हापूस तेवढा आंबा, बाकी सगळे रायवळ. ओहायोत आलो त्या वर्षी शेजारच्या आजीबाईंनी 'भरलेले मँगो' खायला बोलावलं, तर मी दुपारी जेवलोसुद्धा नाही. ताटात आली भरली ढोबळी मिरची! म्हटलं, बाईंचं वय झालं.

बाई बरोबर होत्या. तमिळमध्ये 'मांगाय' म्हणजे कैरी. त्यातलं 'काय' म्हणजे कच्चं फळ. मल्याळममध्ये त्याचं 'माङ्ङ' होतं. मलबारात उतरलेल्या पोर्तुगीजांनी त्याचं 'मांगा' केलं आणि तिथून इंग्रजांनी 'मँगो' उचलला. म्हणजे आपण पोरांना 'मँगो खा' म्हणतो, तेव्हा मुळात कैरीच खायला घालत असतो.

आता मिरची. १७व्या शतकात पिकला आंबा महिनोन्‌महिने जहाजात टिकणार कसा? विलायतेला पोचायची ती मुरलेली कैरी. झाडावरचं फळ बघितलंय कुणी? त्यांच्या लेखी मँगो म्हणजे लोणचं. मग काकडी, पीच, खरबूज, जे जे मुरवलं ते मँगो. 'मँगो करणे' असं क्रियापदसुद्धा झालं. अमेरिकेत कोबी भरून मुरवलेली ढोबळी मिरची मँगो झाली, आणि पुढे ओहायो-इंडियानाकडे नुसत्या मिरचीलाही लोक मँगो म्हणू लागले.

आमच्या आजीच्या माजघरात खारातल्या कैऱ्यांची बरणी असायची. तोंडाला दादरा बांधलेला. ओला हात लावायची कुणाची छाती नव्हती. श्रावणात पेजेबरोबर एक निघायची. सुरकुतलेली, देठाशी काळपट, चावली की डोळे आपोआप मिटायचे. जहाजातून गेली ती हिचीच थोरली बहीण.

बरं, हापूस तरी आपला कुठे? १५१० साली गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचं ते नाव, असं सांगतात. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं बांधली, ती कोकणात वर सरकली आणि 'अफोन्सो'चा आमच्या तोंडात हापूस झाला. देवगडचा गोड की रत्नागिरीचा, यावर आपण खुशाल भांडतो. नाव दोघांचंही फिरंगी.

पुढच्या खेपेला आजीबाईंकडे मी खारातल्या कैऱ्यांची बाटली घेऊन गेलो. काय आहे विचारलं, तर म्हटलं, 'मँगो.' त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, माझ्याकडे बघितलं, आणि 'बरं' म्हणाल्या. मराठी माणसाचं इंग्रजी कच्चं, असंच वाटलं असणार.