हरळी, वाळू आणि दुबईचा गोल्फ क्लब

नमस्कार श्रोतेहो. शेतात हरळी माजली की काय होतं, हे शेती करणाऱ्यांना मी सांगायला नको. खणा, उपटा, जाळा, चार सरी पडल्या की बाईसाहेब पुन्हा हजर! तर याच हरळीचा संकरित वाण समुद्राचं पाणी गोडं करून पाजत दुबईच्या वाळवंटात वाढवला गेला. एमिरेट्स गोल्फ क्लब हे त्या जागेचं नाव.

आखातात गोल्फ त्याच्या कितीतरी आधीपासून खेळला जात होता. तेल कंपन्यांत नोकरीला आलेल्या ब्रिटिश साहेबांना खेळ तर हवा होता, पण गवताचं पातं औषधालाही नव्हतं. मग ते वाळूवरच खेळायचे. दुबईतही १९७१ पासून असा एक कंट्री क्लब होता. तिथली पद्धत मोठी गमतीची. खेळाडूच्या हातात कृत्रिम गवताचा छोटासा तुकडा असायचा. चेंडू जिथे पडेल तिथे तो अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवून टोला मारायचा आणि तुकडा उचलून पुढे चालायला लागायचं. होल, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा तो. त्याभोवतीची जागा म्हणजे एरवीचं हिरवंगार ‘ग्रीन’. इथे मात्र वाळूत तेल कालवून ती चोपून बसवलेली असायची, आणि रंगावरून तिला ‘ब्राउन’च म्हणायचे. त्यावर पावलं उमटली की पुढच्या मंडळींसाठी ती झाडून सारखी करायची. मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो. जे आहे त्यात भागवायचं, आणि वर मजाही करायची.

दुबईच्या राज्यकर्त्यांना मात्र भागवून घ्यायचं नव्हतं. दुबईत तेल सापडलं १९६६ साली, पण शेजारच्या अबू धाबीच्या मानाने साठा तुटपुंजा. पुढेमागे पोट भरायचं तर व्यापार हवा, पाहुणे हवेत. शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांनी गवताच्या मैदानाचा ध्यास घेतला आणि आखणीचं काम कार्ल लिटन या अमेरिकी रचनाकाराकडे दिलं. जागा निवडली शहराबाहेर, अबू धाबीच्या रस्त्याला लागून. तेव्हा आजूबाजूला नुसती वाळू. १९८८ मध्ये ‘मजलिस’ हे १८ होलांचं मैदान खुलं झालं. मध्यपूर्वेतलं संपूर्ण गवताचं हे पहिलं चॅम्पियनशिप मैदान. क्लबची इमारत बदूंच्या तंबूंसारखी, फक्त कापडाच्या जागी काँक्रीट आणि काच.

हरळीच का, तर ती ऊन सोसते, पाणी थोडं खारट असलं तरी कुरकुरत नाही, आणि टोल्याबरोबर मातीसकट ढलपी उडाली तरी तिची धावती खोडं ती जागा पुन्हा भरून काढतात. शेतात जो तिचा हट्टीपणा आपल्याला नकोसा होतो, त्याचेच इथे पैसे मोजले जातात! पाणी मात्र रोज द्यावंच लागतं. पाऊस नाही, नदी नाही. समुद्र उपसायचा, इंधन जाळून त्यातलं मीठ काढायचं आणि ते पाणी गवतावर फवारायचं. हिशेब मांडला तर हा शहाणपणाचा सौदा वाटत नाही. पण जाहिरातीचा खर्च म्हणून पाहिलं, तर दुबईने तो पुरेपूर वसूल केला.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, इथे युरोपियन टूर या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेतली स्पर्धा भरली. पहिल्या वर्षीचे प्रायोजक खुद्द लिटनच, म्हणजे मैदानही त्यांचं आणि स्पर्धेला नावही त्यांचंच. जिंकले इंग्लंडचे मार्क जेम्स. १९९१ ला आखाती युद्धामुळे स्पर्धा झाली नाही. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्स यांनी पहिल्याच फेरीत अवघ्या ६१ फटक्यांत (गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितकं चांगलं) मैदान मारलं आणि पुढे विजेतेपदही. २००१ ला शेवटच्या होलवर टायगर वुड्स यांचा चेंडू पाण्यात गेला आणि डेन्मार्कचे थॉमस ब्योर्न जिंकले. २००४ मध्ये याच वुड्सना बुर्ज अल अरब हॉटेलच्या हेलिपॅडवर उभं करून समुद्राकडे टोले मारायला लावले. गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्यांनीही तो फोटो पाहिला असेल. २००९ मध्ये १९ वर्षांच्या रोरी मॅकिलरॉय यांनी व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली स्पर्धा जिंकली ती इथेच. २०२४ पर्यंत त्यांनी ती चार वेळा जिंकली.

जुना वाळूचा क्लब २००७ मध्ये बंद झाला. गवताच्या क्लबमध्ये मात्र आता दिव्यांच्या उजेडात रात्रीही खेळता येतं. तिथल्या उन्हाळ्यात तीच शहाणपणाची वेळ. दुबईतली आपली मराठी मंडळी कामावर जाता-येता शेख झायेद रोडवरून, म्हणजे त्याच अबू धाबीच्या रस्त्यावरून, ते काँक्रीटचे तंबू पाहतात. तुम्हांला टीव्हीवर पाहायचं असेल, तर जानेवारीत ही स्पर्धा लागते. त्यात आठवा होल चुकवू नका. खेळाडूच्या पाठीमागे सगळे टॉवर दिसतात, आणि फेअरवेच्या, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला मुद्दाम राखलेली वाळू नि झुडपं. त्यात चेंडू गेला की भल्याभल्यांची भंबेरी उडते.