जप्त मालाचं वय

(वाशीतल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कस्टम्सने माल जप्त केला तर काय करावं’. ते सांगणारच आहे. अर्धं सभागृह दाणाबंदरातलं, म्हणजे धान्याच्या व्यापारातलं दिसतंय, त्यामुळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद, इथपासून सुरुवात नको. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐका. आपला कायदा मालाचे कागद बघतो, मालकाची नियत बघतो. मालाचं वय मात्र बघत नाही.

चित्रांपासून घेतो. चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं, विलायतेत लिलावात घेतलेली, 2023 मध्ये मुंबई कस्टम्सने अडवली. का? तर नग्न माणसं. अश्लील चित्रं-पुस्तकं आणायला मनाई करणारी 1964 ची अधिसूचना आहे, तिच्यावर बोट ठेवलं. जुलै 2024 मध्ये आदेश निघाला : चित्रं जप्त, वर 50 हजारांचा दंड. आता गंमत बघा. याच पदमसींवर 1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनावरून अश्लीलतेचा खटला झाला होता आणि ते जिंकले होते. सत्तर वर्षांनी, ते हयात नसताना, पुन्हा तेच! त्या कस्टम्सच्या साहेबांना एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीवर, खजुराहोला पाठवायला हवं होतं. (हशा) हसताय, पण मागे बसलेल्या निवृत्त साहेबांकडे बघू नका, ते आयकर खात्यातले आहेत. असो. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, नग्न म्हणजे अश्लील नव्हे असं सांगितलं आणि चित्रं दोन आठवड्यांत परत करायला लावली. छान झालं. पण चित्र वर्ष-दीड वर्ष कोठडीत राहिलं तरी चित्रच राहतं.

वाटाणा राहत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! 2019 मध्ये सरकारने वाटाण्याच्या आयातीवर कोटा लावला. काही आयातदारांनी जयपूरच्या उच्च न्यायालयातून, तरीही माल आणू देणारे अंतरिम आदेश आणले. जयपूरला समुद्र नाही, पण आदेश आहेत. (हशा) माल मुंबईत उतरला, जप्त झाला, दंड भरून सोडायचा की नाही यावर वरखाली झालं आणि जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयातदारांच्या विरोधात निकाल दिला. कोट्यापलीकडचा माल म्हणजे प्रतिबंधित माल. मला तो निकाल पटतो. शेतकऱ्याचा विचार कुणीतरी करायलाच हवा. पण तोवर पोत्यांत काय उरलं असेल?

मर्यादा घातलेला माल म्हणजे प्रतिबंधित माल, ही समज जुनीच. कलकत्त्याला ‘ज्युरी मेड’ नावाची घोडी कस्टम्सने पकडली होती. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निर्बंध हीसुद्धा बंदीच. मला आपला एकच प्रश्न : तिला इतके दिवस हरभरा कोण घालत होतं?

माझ्या एका अशिलाचा खजुराचा कंटेनर उरणच्या बाजूला एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवायच्या गोदामात, अडकला. केस आम्ही जिंकलो. गोदामभाड्याचं बिल खजुरापेक्षा मोठं आलं! 2009 चा नियम सांगतो, कस्टम्सने अडवलेल्या मालावर भाडं घेऊ नका; पण सुरुवातीलाच ‘इतर कायद्यांच्या अधीन राहून’ ही पाचर आहे. आणि 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असा की, कस्टम्सने माल चुकीने अडवला तरी गोदामवाल्याचं भाडं आयातदारानेच द्यायचं. नाशवंत माल निकालाआधी विकून टाकायची सोय कायद्यात आहे. म्हणजे विकायची घाई आहे, निकालाची नाही. सुनावणीची रांग मालाच्या आयुष्यावर लावा, एवढंच माझं मागणं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भराभर लिहून घ्या.

जप्तीनंतर सहा महिन्यांत कस्टम्स कायद्याच्या कलम 124 ची कारणे दाखवा नोटीस यायला हवी. कारण देऊन आणखी सहा महिने वाढवता येतात. नाही आली तर माल परत. पण कलम 110अ खाली तात्पुरत्या सुटकेचा आदेश झाला की 2018 पासून ही मुदत लागू होत नाही, तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलाला विचारा. कलम 125 : माल प्रतिबंधित नसेल तर दंड भरून सोडवण्याचा पर्याय अधिकाऱ्याने द्यायलाच हवा, प्रतिबंधित असेल तर त्याची मर्जी. सगळी लढाई इथे आहे, आणि यावरच मला तासभर बोलायचं होतं.

अपील आयुक्तांकडे 60 दिवसांत, वादातल्या शुल्काच्या किंवा दंडाच्या साडेसात टक्के भरून. पुढे ट्रायब्युनल, म्हणजे अपील न्यायाधिकरण, तीन महिन्यांत. विमानतळावर सामानात पकडलेलं सोनं असेल तर ट्रायब्युनल नाही, केंद्र सरकारकडे रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, तेही तीन महिन्यांत. काकू, तुमचा प्रश्न दुबईच्या बांगड्यांचाच आहे ना? चहाच्या वेळी या, पावती घेऊन.