युक्रेनच्या आणि रशियाच्या शेजाऱ्यांना काय दिसतं

(कोल्हापुरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. युक्रेनवरच्या आपल्याकडच्या चर्चा मी आवर्जून ऐकतो. त्यात रशिया असतो, अमेरिका असते, नाटो असते, तेलाचे भाव असतात. ज्यांच्या गावापासून युक्रेनची किंवा रशियाची सीमा हाकेच्या अंतरावर आहे त्या लोकांचं मात्र नावही निघत नाही. पोलंड, फिनलंड, एस्टोनिया, हंगेरी, कझाकस्तान हे जणू दोन महासत्तांमधली मोकळी जागा. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून आज फक्त त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

आणि हे कोल्हापुरात बोलायला एक खास कारण आहे. इथून जवळच वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं त्यांनी उभं केलं. आपण कोल्हापूरकर हे अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवं. पण ती माणसं इथवर आली कशी, हा भाग सांगताना गळून जातो. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला, हे शाळेत शिकलो. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचं लाल सैन्य शिरलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत लाखो पोलिश नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात धाडलं गेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पोलिश सैन्याबरोबर ती इराणात उतरली आणि त्यांतली काही तिथून वळिवड्याला पोचली.

आता रशियानं युक्रेनवर हल्ला केला ती २४ फेब्रुवारी २०२२ ची सकाळ पोलंडमधल्या एखाद्या घरातून पाहा. आजीच्या तोंडून जे ऐकलं, तेच टीव्हीवर चालू आहे. पहिल्या दोन महिन्यांत पंचवीस लाखांहून अधिक लोक युक्रेनमधून पोलंडमध्ये आले. सीमेजवळच्या प्शेमिशलच्या रेल्वे स्टेशनवर अनोळखी माणसं गाड्या घेऊन उभी होती, कुणाला कुठं जायचंय विचारत होती. बहुतेकांची सोय तंबूंच्या छावण्यांत करावी लागली नाही, कारण लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली कितीतरी मराठी मुलंही पोलंड, रुमेनिया, हंगेरीच्या सीमा ओलांडूनच सुखरूप परतली.

हे सगळं सरळसोट प्रेमापोटी झालं असं मात्र समजू नका. १९४३ मध्ये वोल्हिनियात, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या भागात, युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली होती. ती जखम आजही भरलेली नाही. तरीही दारं उघडली. पुढे कुरबुरी सुरू झाल्या. युक्रेनच्या स्वस्त धान्यानं भाव पडले म्हणून पोलिश शेतकरी रस्त्यावर आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्रकवाल्यांनी सीमेवरचे रस्ते अडवले. निर्वासितांच्या सवलतींवरून निवडणुकांत वाद झाले. आपल्याकडे लगेच मथळे आले की पोलंडची भूमिका बदलली. मला हे वाचन चुकीचं वाटतं. पाहुण्यांचा कंटाळा येणं वेगळं आणि आक्रमण करणाऱ्याबद्दलचं मत बदलणं वेगळं. रस्ता अडवणाऱ्या त्या ट्रकवाल्याला रशियाबद्दल काय वाटतं, ते विचारून बघा.

फिनलंडचं थोडक्यात सांगतो. रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा. सोव्हिएत संघाबरोबरच्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धात देशाचा दहावा हिस्सा गेला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून आत आली. त्यानंतर पुढची कैक दशकं मॉस्कोला दुखवायचं नाही हे तिथलं धोरण होतं. नाटोत जायला अनुकूल असणारे लोक तिथल्या पाहण्यांत कधी निम्म्याच्या जवळही जात नसत. २०२२ च्या मे महिन्यात ते प्रमाण पाऊणशे टक्क्यांवर गेलं आणि संसदेत १८८ विरुद्ध ८ मतांनी ठराव झाला. नाटो रशियाच्या दारात गेली असं आपण म्हणतो. फिनलंडच्या बाबतीत तरी लोक स्वतःच्या पायांनी नाटोकडे चालत गेले, आणि त्यांना तिकडे ढकललं कीव्हवर पडलेल्या बॉम्बनी.

एस्टोनियातलं नार्वा हे गाव जास्त अवघड आहे. नदीच्या अलीकडे नार्वाचा किल्ला, पलीकडे रशियातला इवानगोरोदचा, मध्ये एक पूल. गावातले बहुतेक सगळे रशियन बोलतात. १९४४ मध्ये हे शहर जवळपास जमीनदोस्त झालं, मूळ रहिवाशांना परत येऊ दिलं नाही आणि कारखान्यांसाठी रशियातून कामगार आणले गेले. त्यांची ही नातवंडं. गावाजवळ एक जुना सोव्हिएत रणगाडा स्मारक म्हणून उभा होता. एस्टोनियन माणसाला त्यात १९४९ च्या मार्चमधल्या गाड्या दिसायच्या. तेव्हा एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या तीन बाल्टिक देशांतून मिळून नव्वद हजारांवर माणसं सोव्हिएत सत्तेनं सैबेरियाकडे नेली होती. नार्वाच्या आजोबांना त्याच रणगाड्यात हिटलरवरचा विजय दिसायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं तो हलवला. २०२३ पासून दर ९ मे ला पलीकडच्या काठावर मोठा पडदा लावून रशियाच्या विजयदिनाचा कार्यक्रम नार्वाकडे तोंड करून दाखवतात आणि अलीकडच्या किल्ल्यावर पुतिन यांना युद्धगुन्हेगार म्हणणारं भलंमोठं कापड लोंबत असतं. नार्वाचे लोक या दोन्हींच्या मध्ये उभे असतात. त्यांना सरसकट रशियाचे हस्तक ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचे नातेवाईक पलीकडे आहेत, मुलं अलीकडच्या शाळेत आहेत, आणि हे युद्ध त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलेलं आहे.

म्हणजे ज्याच्यावर पूर्वी आक्रमण झालं तो आक्रमणाच्या विरोधात, असा नियम काढावा का? हंगेरी तो मोडते. ४ नोव्हेंबर १९५६ ला तिथला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, सुमारे दोन लाख लोक देश सोडून पळाले. १६ जून १९८९ ला त्या उठावाच्या वेळचे पंतप्रधान आणि नंतर फाशी दिलेले इम्रे नॉज् यांच्या पुनर्दफनाच्या वेळी सोव्हिएत सैन्य परत जावं, असं जाहीर म्हणणारा तरुण होता व्हिक्टर ओर्बान. त्याच ओर्बाननं पंतप्रधान म्हणून एप्रिल २०२२ ची निवडणूक आपण या युद्धापासून लांब राहू असं सांगून दोन तृतीयांश बहुमतानं जिंकली. रशियन गॅस आणि तेल, पाक्शच्या अणुवीज प्रकल्पाचं रशियन कंत्राट, सरकारच्या बाजूची माध्यमं, ही कारणं आहेतच. शिवाय युक्रेनच्या झाकारपात्तियात हंगेरियन भाषक राहतात आणि २०१७ च्या युक्रेनी शिक्षण कायद्यानं त्यांच्या शाळांवर गदा आली, ही खंत खरी आहे. आठवण असली तरी तिचा अर्थ कुणीतरी लावून द्यावा लागतो, आणि तिथे तो सरकारनं लावून दिला.

शेवटी कझाकस्तान. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा देश. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आक्रमणाच्या निषेधाचा ठराव १४१ मतांनी मंजूर झाला. ३५ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता आणि कझाकस्तानही. कागदावर दोघे एकाच रकान्यात. पण आपण हजारो किलोमीटर लांबून तटस्थ होतो. त्यांची रशियाशी साडेसात हजार किलोमीटरहून लांब सीमा आहे, उत्तरेकडच्या शहरांत मोठी रशियन वस्ती आहे, आणि त्यांचं बहुतेक तेल रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरातून जगात जातं. २०१४ मध्ये पुतिन म्हणाले होते की कझाक लोकांचं राज्य असं पूर्वी कधी नव्हतंच. पुढच्याच वर्षी कझाकस्ताननं आपल्या खानतीची, म्हणजे खानांच्या जुन्या राज्याची, ५५० वर्षं थाटात साजरी केली. जानेवारी २०२२ च्या दंगलीत राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी रशियाच्या नेतृत्वाखालची फौज बोलावली होती. सगळ्यांना वाटलं, आता हे मिंधे झाले. त्याच जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या व्यासपीठावर, पुतिन शेजारी बसलेले असताना, तोकायेव यांनी पूर्व युक्रेनमधल्या, रशियानं स्वतंत्र मानलेल्या डोनेत्स्क आणि लुहान्स्कला मान्यता देणार नाही असं सांगितलं.

सप्टेंबरमध्ये रशियात सैन्यभरती सुरू झाली तेव्हा हजारो रशियन तरुण सीमा ओलांडून कझाकस्तानात आले. तिथल्या उराल्स्क शहरात हॉटेलं भरली, तर एका सिनेमागृहानं त्यांना रात्री झोपायला जागा दिली. आक्रमणाला विरोध आणि रशियन माणसाला आसरा, दोन्ही एकाच वेळी. पुढच्या जानेवारीत कझाक उद्योजकांनी युक्रेनमधल्या बुचात एक युर्ट उभारला, म्हणजे त्यांचा पारंपरिक लोकरी तंबू. रशियाच्या माऱ्यानं वीज गेलेल्या लोकांना ऊब आणि गरम चहा मिळावा म्हणून. रशियन परराष्ट्र खात्यानं कझाकस्तानकडे खुलासा मागितला. हा खासगी उपक्रम आहे, खुलासा करण्यासारखं त्यात काही नाही, असं कझाकस्ताननं कळवलं.