सहीच्या आधी टेप ऐका

माईक मागपर्यंत पोचतोय ना? ज्यांना ऐकू येत नाहीये त्यांनी हात वर करा. कोणीच नाही, छान! सायकॉलॉजीवाल्यांचा हा जुना घोळ, सॅम्पलच चुकीचं घ्यायचं.

तर विषय दिलाय 'मानसशास्त्राचं शिक्षण-प्रशिक्षण आणि व्यावसायिक संघटनेचं काम'. केवढा मोठा विषय. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणारे, कारण ती गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलीये आणि घरच्यांनी ऐकणं केव्हाच सोडलंय, म्हणून आज तुम्ही तावडीत सापडलात. गोष्ट अशी, की संघटनेनं शिकाऊ माणसाचे तास मोजत बसण्यापेक्षा त्याचं काम कोणी खरंच बघतंय का, हे आधी बघावं.

माझंच सांगते. शिकत होते तेव्हा प्रॅक्टिकमचं, म्हणजे शिकता शिकता खऱ्या माणसांबरोबर करायच्या कामाचं, एक लॉगबुक असायचं, तारीख, किती मिनिटं, काय केलं, आणि शेवटच्या रकान्यात सुपरव्हायजरची सही. सरांना वर्षभर वेळच नव्हता. नाव सांगणार नाही, माणूस वाईट नव्हता, फक्त कायम कुठल्यातरी मीटिंगला निघालेला असायचा. वर्ष संपत आलं तशी एका संध्याकाळी लॉगबुक घेऊन मी केबिनच्या दारात उभी राहिले आणि सरांनी अख्ख्या वर्षाच्या सह्या एका बैठकीत ठोकल्या. मध्येच पेन चालेना. तर म्हणाले, "दुसरं आण, पण निळंच आण, शाई वेगळी दिसायला नको." शाईची एवढी काळजी! आणि वर्षभर मी ज्यांच्यासमोर बसले होते त्यांच्यातल्या एकाबद्दलही अवाक्षर नाही. मी तरी काय केलं, एकदाची सुटले म्हणून खुशीत घरी गेले. तेव्हा सरांना नावं ठेवताना थोडी स्वतःलाही ठेवते.

पुढे दोन वर्षांनी एका संघटनेच्या वर्कशॉपला गेले, सर्टिफिकेटसाठीच, खोटं कशाला बोलू. अट होती की आपल्या सेशनची दहा मिनिटांची टेप आणायची, समोरच्या व्यक्तीची लेखी परवानगी घेऊन. (ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललंय.) मी आपली त्यातल्या त्यात चांगली टेप निवडून नेलेली. टेपमध्ये ती बाई म्हणते, "आई गेली तेव्हा मी घरात नव्हते." आणि लगेच माझा आवाज, काय तो आत्मविश्वास: "बरं. आणि झोप कशी लागते?" का? तर माझ्या मांडीवरच्या फॉर्मवर पुढचा रकाना झोपेचा होता! ती म्हणते, "लागते." शिकवणाऱ्या मॅडमनी टेप थांबवली, मागे घेतली, परत लावली. मग परत. बोलत काहीच नाहीत. तिसऱ्या वेळी मला ऐकू आलं की "लागते" म्हणताना तिचा आवाज पार सपाट झालाय. मग मॅडमनी एवढंच विचारलं, "इथे ती कुठे गेली?"

लॉगबुकात त्या सेशनचं काय लिहिलं होतं माहितीये? 'पन्नास मिनिटं, केस हिस्टरी पूर्ण.' आणि खाली निळी सही.

हसताय, पण हे दुखणं जुनं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, आपण एपीए म्हणतो ती, १८९२ साली क्लार्क युनिव्हर्सिटीत सुरू झाली, स्टॅन्ली हॉल पहिले अध्यक्ष, आणि डोक्यात होतं ते विज्ञान, माणसं तयार करणं नव्हे. लाइटनर विटमरनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनियाला पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं आणि त्याच वर्षी संघटनेच्या अधिवेशनात सांगितलं की या कामाचं प्रशिक्षण द्यायला हवं, तर फारसं कोणी उचलून धरलं नाही. जाग आली दुसऱ्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांसाठी सरकारला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवे होते, ढिगानं हवे होते, आणि सरकार संघटनेला विचारायला लागलं की बाबांनो, तुमच्यातली बरी विद्यापीठं कोणती ते तरी सांगा. त्यातून १९४८ च्या सुमारास अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे कोर्स तपासून मान्यता देणं, सुरू झालं. म्हणजे तळमळ कमी आणि मागणी जास्त, पण सुरू झालं हे खरं.

मग १९४९ ला कोलोरॅडोत बोल्डर परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसे घडवायचे ते ठरवायला. आधी शास्त्रज्ञ, सोबत प्रॅक्टिशनर, हे मॉडेल तुम्ही परीक्षेत लिहिलंय, मी परत सांगत नाही. मला आवडतं ते त्या परिषदेच्या अहवालातलं चेष्टेचं वाक्य. सायकोथेरपी म्हणजे व्याख्या न झालेलं तंत्र, कुठल्या प्रश्नांवर वापरायचं ते ठरलेलं नाही, परिणाम काय होईल सांगता येत नाही, आणि या तंत्रासाठी आम्ही कडक प्रशिक्षणाची शिफारस करतो! स्वतःवर इतकं हसणारी कमिटी मी तरी परत पाहिली नाही.

आणि टेपचं म्हणाल, तर कार्ल रॉजर्स, समुपदेशनातलं मोठं नाव, १९४० च्या आसपास ओहायो स्टेटला ग्रामोफोनच्या तबकड्यांवर सेशन रेकॉर्ड करत होते. एका बाजूवर जेमतेम काही मिनिटं मावायची. त्या जमान्यात त्यांना जमलं, आणि आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर असून आपण अजून...

काय? दहाच मिनिटं? बरं, आता पळते.

तर संघटना नेमकं करते काय. एक म्हणजे कोर्सची मान्यता. दुसरं, काय यायला पाहिजे ते लिहून काढणं. पदवीसाठी एपीएच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच उद्दिष्टं होती, त्यात विषयाच्या ज्ञानाबरोबर संशोधनाची विचारपद्धत, नैतिकता, संवाद, व्यावसायिक तयारी असं यायचं. पुढच्या पातळीवर २००९ चे कॉम्पिटन्सी बेंचमार्क्स, म्हणजे क्षमतेचे मापदंड, प्रॅक्टिकमला जायला तयार, इंटर्नशिपला तयार, स्वतंत्र कामाला तयार, असे टप्पे. इथे भाषा बदलली बघा, 'किती तास केलं' वरून 'काय जमतं' वर आली. आणि माझ्या लाडक्या मुद्द्याचा पुरावा असा, की २०१५ ला मंजूर होऊन २०१७ पासून लागू झालेल्या अ‍ॅक्रेडिटेशनच्या मानकांत अट आहे, विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात प्रत्यक्ष निरीक्षण हवंच, समोर बसून किंवा रेकॉर्डिंगवरून. नुसतं "मी असं असं केलं" हे विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकून भागत नाही. माझ्या सरांना पेनाबरोबर निदान एक टेप तरी मागवावी लागली असती.

आता कोणी म्हणेल एवढा वेळ आणणार कुठून, रास्त आहे, म्हणून मी म्हणते सुपरव्हायजरलाही सुपरव्हिजन शिकवा, ते आपण कुणालाच शिकवत नाही, त्याच्या सहा स्लाइड्स होत्या, त्या राहिल्या, ग्रुपवर टाकते.

हो हो, थांबते. या व्याख्यानाचा तुम्हाला निरंतर शिक्षणाचा एक तास मिळणारे, खांबाआड डुलक्या घेणाऱ्यांनाही मिळणारे. ते रजिस्टर फिरतंय ना, जरा पुढे येऊ द्या, माझी सही राहिलीये.